दादाची दुमडलेली प्रत

ताई, नमस्कार.

मी ४२ वर्षांची. डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टात. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, तेव्हा एकेरीच लिहा.

माझा दादा २००१ साली अमेरिकेला गेला, तेव्हा त्याची पुस्तकं माझ्या ताब्यात देऊन गेला. त्यात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर १९९८ साली घेतलेलं, स्टीफन किंगच्या 'द डार्क टॉवर' या मालिकेतलं पहिलं पुस्तक होतं, 'द गनस्लिंगर'. "हे वाच, मग बोलू," असं म्हणाला होता. मी वाचलं नाही. काऊबॉय, बंदुका, वाळवंट आणि वर जादू, मला त्यात काय रस! गेल्या महिन्यात कपाट आवरताना ते हाती लागलं. पानं पिवळी, अक्षर बारीक, म्हणून फोनवर ई-पुस्तक घेतलं आणि लोकलमध्ये जाता-येता आठ दिवसांत संपवलं.

तेव्हापासून मी ठिकाणावर नाही. शेवटाकडे डोंगराच्या पोटातल्या जुन्या रेल्वेपुलावर जेक नावाचा लहान मुलगा लटकतो आणि त्याला सोबत घेऊन आलेला नायक, बंदूकबाज रोलँड, त्याला तसाच सोडून पुढे जातो. कारण ज्याचा तो पाठलाग करतोय तो काळ्या कपड्यातला माणूस पलीकडे उभा आहे, आत्ता आलास तर ये, नाहीतर कधीच नाही म्हणतोय. ते वाचून मी भर डब्यात रडले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. नवरा म्हणतो, "काऊबॉयच्या गोष्टीवर तीन आठवडे सुतक?"

आता खरं सांगते. मे २०२१ मध्ये बाबा गेले. हॉस्पिटलात मी एकटी होते. दादा आला नाही. निघालो तर परत जाता येणार नाही, इथे दोन मुलं आहेत, म्हणाला. बाबांनी त्याला शेवटचं पाहिलं ते माझ्या फोनवर. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "कसा आहेस", "बरा आहे". आणि परवा त्याची जुनी प्रत उघडून पाहिली, तर पुलाच्या त्याच पानाचा कोपरा दुमडलेला! म्हणजे त्याला ते आवडलं होतं. मुलाला सोडून जाणारा माणूस त्याचा हिरो होता. मी असाच आहे, हे तो मला तेव्हाच सांगत होता का?

पुढचे खंड वाचू का? आणि दादाशी काय बोलू?

तुमची एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या कोपऱ्याचं बोलू, कारण तुझ्या पत्रातला सगळा राग त्या अर्ध्या इंच कागदावर येऊन बसलाय.

मी आयुष्यभर ग्रंथालयाची पुस्तकं वाचली. लोकांनी ती कशी खराब केलेली असतात, यावर मी एक प्रबंध लिहू शकेन. ज्याला वाक्य आवडतं तो पेन्सिल काढतो, समासात उभी रेघ मारतो, उद्गारचिन्ह काढतो, फारच भारावला तर "वा!" लिहितो. कोपरा दुमडतो तो थांबलेला माणूस. झोप आली, कुणी जेवायला हाक मारली, किंवा पुढचं वाचवेना. तुझा एकवीस वर्षांचा दादा त्या पुलावर थांबला होता, एवढंच तो कोपरा सांगतो. का थांबला, ते त्याला विचारल्याशिवाय कळायचं नाही. भक्तीने थांबला असेल, हेही शक्य आहे. पण तू ते गृहीत धरून खटला चालवलास, निकाल दिलास आणि आरोपीला समन्सही पाठवलं नाहीस.

आता एक गंमत सांगते, जी तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तू आणि दादा, दोघांनी वाचलेलं पुस्तक एक नाही.

किंगने हे पुस्तक १९७० साली सुरू केलं, वयाच्या बाविसाव्या वर्षी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलेल्या जाडजूड हिरव्या कागदांवर. डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे रॉबर्ट ब्राउनिंगची १८५५ सालची कविता, जिच्यात रोलँड नावाचा थकलेला वीर ओसाड माळावरून एका काळ्या मनोऱ्याकडे चालत जातो. दुसरी म्हणजे दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा १९६६ सालचा, क्लिंट ईस्टवुडचा काऊबॉय सिनेमा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'. पाच भाग १९७८ ते १९८१ या काळात एका मासिकात सुटे आले, १९८२ मध्ये पुस्तक निघालं. पुढचे खंड रेंगाळत आले. १९९९ साली रस्त्याच्या कडेने चालताना किंगला एका व्हॅनने उडवलं आणि तो मरता मरता वाचला. त्यानंतर राहिलेले तीन खंड त्याने संपवले आणि २००३ मध्ये मागे वळून हा पहिला खंड पुन्हा लिहिला. पुढच्या खंडांशी काही गोष्टी जुळत नव्हत्या हे एक कारण. दुसरं असं, की पंचावन्न वर्षांच्या लेखकाला बावीस वर्षांच्या पोराची भाषा जड आणि आव आणणारी वाटायला लागली होती.

आज ई-पुस्तक विकत घेतलं की ही दुरुस्त आवृत्ती मिळते. १९९८ साली फुटपाथवर मिळालेली प्रत जुनीच असणार.

फरक बराचसा किरकोळ आहे, पण एका ठिकाणी तो अंगावर येतो. टल गावातली ॲली आठव. गुत्त्याची मालकीण, रोलँड जिच्याकडे राहतो ती. सगळं गाव त्याच्यावर उलटतं तेव्हा पियानो वाजवणारा शेब तिला पुढे धरून तिची ढाल करतो. तू वाचलेल्या आवृत्तीत ॲलीचं मन आधीच उद्ध्वस्त झालंय. नको तो आकडा तिने उच्चारलाय, मरणापलीकडचं ऐकलंय, आणि ती स्वतःच रोलँडला म्हणते, मला मार. जुन्या पुस्तकात ती असं काही म्हणत नाही. गोळी झाडू नकोस, म्हणून ओरडते. आणि तो झाडतो. हाताला सवय लागलेली असते, हात विचार करत नाही. त्या दिवशी गावातली ५८ माणसं मरतात, त्यात पाच मुलं, पण वाचकाला बोचते ती ॲली.

म्हणजे साठीकडे झुकलेल्या किंगने आपल्या नायकाला थोडी सवलत दिली. मला विचारशील तर जुनंच बरोबर होतं. तिने मरण मागितलं की वाचकाला सुटल्यासारखं वाटतं, आणि या पुस्तकात कुणाला सुटल्यासारखं वाटू नये. पण ते राहू दे. मुद्दा असा की ज्याने ते लिहिलं त्यालाच तीस वर्षांनी आपला बावीसचा माणूस पटेना. मग तुझ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या दादाला त्याच्या एकविसाव्या वर्षीच्या आवडीवरून का ओळखतेस? त्या वयात मुलांना रोलँड का आवडतो, हे मी घरात पाहिलंय. माझा मुलगा वर्षभर खांदे पाडून, कमी बोलत, कुठेतरी लांब बघत हिंडत होता. त्या वयात एकटं असणं म्हणजे रुबाब वाटतो. जेक तेव्हा दिसतच नाही. मूल दिसायला घरात मूल लागतं, किंवा निदान हॉस्पिटलात एक रात्र काढलेली लागते.

आता तुझ्या रडण्याबद्दल. बाबांचा संबंध तूच जोडलास, म्हणून मी तो पुन्हा उकरत नाही. पण सगळं रडणं बाबांच्या खात्यावर टाकू नकोस. हे पुस्तक मुळातच दुःखी आहे आणि ते दुःख कसबाने रचलेलं आहे. तुला ते लागलं, म्हणजे तू नीट वाचलंस.

काऊबॉयच्या गोष्टींत गोळीबार असतो, हे तुझ्या नवऱ्याला माहीत आहे. त्या गोष्टी मुळात संपलेल्या जगाबद्दल असतात, हे बहुधा माहीत नसावं. टेक्सासातून हजारो गुरं उत्तरेला हाकत नेण्याचा खरा काळ जेमतेम वीस वर्षांचा. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या कुरणांना कुंपणं पडायला लागली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरं ढिगांनी गोठून मेली. १८९० च्या जनगणनेत सरकारने जाहीरच केलं की वस्तीची सरहद्द म्हणावी अशी रेषा आता उरलेली नाही. गोष्टी रंगल्या त्यानंतर. लिओने तर इटलीचा माणूस. त्याने ही 'अमेरिका' उभी केली स्पेनच्या माळांवर. ती पडद्यावर बघून अमेरिकेतल्या मेनसारख्या थंड, झाडीच्या राज्यातल्या एका पोराने, म्हणजे किंगने, स्वतःचं वाळवंट रचलं. कधीच नसलेल्या गावाची ही ओढ आहे, तीही तिसऱ्या हाताने आलेली. आपल्याकडेही नाही का लोक आजोळच्या चौसोपी वाड्याबद्दल हळवे होतात, ज्यांचं आजोळ चाळीत होतं?

किंगने या सरलेल्या जगाचं दुःख घेतलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. रोलँडचं जग झिजलेलं आहे. तिथे दिशा सरकतात, वेळ नीट चालत नाही, आपल्या जगाचे तुकडे वाळूत पडलेले असतात. टलमध्ये तो शिरतो तेव्हा गुत्त्यातल्या पियानोवर बीटल्सचं 'हे ज्यूड' चाललेलं असतं. ते कुणाचं, कुठून आलं, कुणालाच ठाऊक नाही. मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात उदास तेच वाटलं, पुलापेक्षाही. पूल मोठ्याने दुखतो. हे गाणं हळू दुखतं.

पूल अचानक आला, असं तुला वाटलं असेल. तो अचानक नाही. रोलँड चौदा वर्षांचा असताना त्याला गुरूला, कॉर्टला, हरवून दाखवायचं असतं. हत्यार म्हणून तो काय निवडतो? आपला पाळलेला ससाणा, डेव्हिड. म्हातारा झालेला, त्याच्यावर विश्वास टाकलेला पक्षी. रोलँड त्याला कॉर्टच्या तोंडावर सोडतो. कॉर्ट हरतो, ससाणा मरतो, पोराला बंदुका मिळतात. लेखकाने तुला तिथेच सांगितलं होतं: हा जिंकतो तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना पुढे करून. जेकला ते आपल्याआधी कळतं. तो डोंगराखाली शिरतो ते आपलं काय होणार हे ओळखूनच, आणि तरी चालत राहतो, कारण एकटं मागे राहायची भीती त्याहून मोठी. तू रडलीस ती तिथे, असा माझा अंदाज आहे. रोलँडने सोडलं म्हणून राग येतो. मुलाने विश्वास टाकला म्हणून रडू येतं.

सुतकाचं मनावर घेऊ नकोस. नवऱ्यांना पुस्तकावर रडणारी बायको समजत नाही आणि शेवटच्या ओव्हरला हरलेल्या मॅचवर स्वतः दोन दिवस न जेवणं समजतं. त्याला पुलाचा प्रसंग एकदा तोंडी सांग, पुस्तक हातात न घेता. तुला गोष्ट सांगता येते, पत्रावरून दिसतंय. मात्र तीन आठवड्यांचे पाच-सहा झाले, झोप उडालेलीच राहिली, जेवण जाईना किंवा कामात लक्ष लागेना, तर पुस्तकाला दोष देत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर आहे, मराठीतून बोलता येतं. चार वर्षं तू एकटीने ती हॉस्पिटलची खोली डोक्यात वाहिलीस, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढचे खंड वाच. घाई नको, आणि रात्री नको. पहिल्या खंडाचा शेवट मला स्वतःला लांबलेला वाटतो. काळ्या कपड्यातला माणूस पत्ते मांडतो आणि विश्वाच्या आकारावर प्रवचन देतो, तिथे मी दोनदा पेंगले. पण नंतर रोलँड दहा वर्षांनी म्हातारा होऊन जागा होतो, शेजारी सांगाडा, आणि चालत चालत समुद्राशी पोचतो, हे जमलंय. दुसरा खंड (१९८७) तिथूनच काही तासांनी सुरू होतो, आणि पहिल्याच पानांत समुद्रातून आलेलं एक जनावर रोलँडच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडून नेतं. किंगने हे योजून केलं का, मला सांगता येणार नाही. मला मात्र वाचताना वाटलं, हात पुढे न करणाऱ्याचा हातच अधू झाला. तिसऱ्या खंडात (१९९१) त्या मुलापायी रोलँडचं डोकं फिरायची वेळ येते. मूल होतं आणि मूल नव्हतं, अशा दोन्ही आठवणी एकाच डोक्यात भांडतात. पुलावर जे झालं ते पुसलं जात नाही. त्याची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल होते. जेकचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच म्हणते, की तुझ्या पोटातला गोळा तिसऱ्या खंडात थोडा सैल होईल. सगळ्यात शेवटचा शेवट मात्र काही लोकांना इतका खटकतो की ते पुस्तक भिंतीवर फेकतात. मी फेकलं नाही, पण त्या रात्री भांडी जरा आपटून घासली.

आता दादा.

रोलँडच्या एका हाताला मूल होतं आणि दुसऱ्या बाजूला उत्तरं, मनोरा, स्वतःचा ध्यास. तुझ्या दादाच्या एका हाताला बाप होता आणि दुसऱ्या हाताला दोन मुलं. ही तुलना तू केलीस तेव्हा ती दोन मुलं तुझ्या हिशेबातून गळली. ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते, हे खरं आहे. कुणाला सूट आणि कुणाला नाही याचे नियम किचकट होते, वकिलातींची कामं ठप्प होती, आणि व्हिसाच्या शिक्क्याविना इकडे येऊन अडकलेल्यांच्या कहाण्या तेव्हा घरोघर होत्या. तो घाबरला असेल. त्याची भीती खोटी होती, असं मला म्हणता येत नाही.

तरीही तुझा राग खोटा नाही. येणं जमलं नाही, फोन तर होता. बाबा गेल्यावर चार वर्षांत त्याने एकदाही "तू तिथे एकटी होतीस, ते कसं होतं गं?" असं विचारलं नसेल, तर ती चूक त्याची, व्हिसाची नव्हे. हे त्याला ऐकवायचा हक्क तुला आहे. फक्त पहिल्या फोनवर ऐकवू नकोस. तू सुरुवात तिथून केलीस की तो तारखा आणि नियम घेऊन उभा राहील, तू हॉस्पिटलचे दिवस मोजशील, आणि दहा मिनिटांनी दोघं "ठेवते", "ठेव" म्हणाल. हे मी माझ्या बहिणीबरोबर केलंय, कारण वेगळं होतं, वर्षं मात्र सहा गेली.

तुझ्याकडे त्याच्याशी बोलायला आज एक विषय आहे, तो बाबांच्या आधीचा आहे. त्याने २००१ साली म्हटलं होतं, वाच, मग बोलू. तू वाचलंस. चोवीस वर्षं उशिरा का होईना, बोलायची पाळी आता त्याची. आणि त्याला कदाचित ठाऊकच नसेल की दरम्यान पुस्तक बदललं. १९९८ मध्ये वाचायला लागलेल्या माणसाला पाचव्या खंडासाठी २००३ पर्यंत थांबावं लागलं. तोवर तो परदेशात, नवी नोकरी, नवा संसार. त्याने गोष्ट शेवटपर्यंत नेली की मध्येच सोडली, हेही तुला माहीत नाही. विचार की.

आज रात्री जेवणं झाली की दोन्ही पुस्तकं समोर घे. त्याच्या प्रतीत टलचा गोळीबार काढ, ॲलीचा परिच्छेद शोध, फोनवरच्या पुस्तकातला तोच परिच्छेद शेजारी ठेव आणि दोन्हींचा एकच फोटो काढ. खाली लांबलचक काही लिहू नकोस. "दादा, तुझ्या पुस्तकात हा तिला न विचारता मारतो. माझ्यात ती मागते. तुला कुठलं पटतं?" एवढं पुरे. तिकडे सकाळ असेल, तो कॉफी घेत असेल. लगेच उत्तर आलं नाही तर पुन्हा मेसेज करू नकोस, त्याला ते पान शोधायला वेळ लागेल.

आणि तो कोपरा सरळ करू नकोस. तो का दुमडला, हे त्याच्याकडून ऐकायचंय ना तुला.

तुझी,
ताई